पापणीवरची गाठ आणि आधी झालेला कॅन्सर: तपासणी कशी करून घ्यावी

पापणीवर गाठ दिसली की घरात सगळे रांजणवाडीच म्हणतात, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. शरीरात दुसरीकडे झालेला कॅन्सर पापणीत पसरणं फारच दुर्मिळ. पण ज्यांना आधी कॅन्सर होऊन गेला आहे, विशेषतः स्तनाचा, त्यांनी ही गाठ अंगावर काढू नये, एवढं मला कळकळीनं सांगायचं आहे.

आधी उजेडात आरसा धरून पापणी नीट बघा. रांजणवाडी लाल होते, ठणकते आणि आठ-दहा दिवसांत फुटते किंवा बसते. न दुखणारी, टणक, वाढतच जाणारी गाठ वेगळी. कधीकधी गाठ नसतेच, अख्खी पापणी जाड आणि कडक होते. मग ॲलर्जी समजून महिनोन्‌महिने थेंब घातले जातात. लवंग उगाळून लावू नका, गाठ पिळू नका.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना जुनी फाईल सोबत न्या आणि कॅन्सरचं पहिल्याच वाक्यात सांगा. ‘दहा वर्षं झाली, आता काय त्याचं’ म्हणून गप्प बसू नका. स्तनाचा कॅन्सर इतक्या वर्षांनीही डोकं वर काढतो.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. निदान नुसत्या डोळ्यांनी होत नाही, तुकडा तपासावाच लागतो. गाठ काढणार असतील तर सरळ विचारा, ‘डॉक्टर, तुकडा पॅथॉलॉजीला पाठवणार ना?’ काढलेली गाठ टाकून दिली तर निदानाचा धागाच हातून जातो. लॅबच्या फॉर्मवर जुन्या कॅन्सरची नोंद आहे का, तेही बघा. आधीच्या ऑपरेशनचे मेणातले ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) आणि स्लाइड्स (त्यांचे काचेवरचे पातळ काप) त्या हॉस्पिटलमधून मागवता येतात. जुने आणि नवे तुकडे शेजारी ठेवून बघितले की पेशी एकाच घरच्या आहेत का ते कळतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर (पेशी हार्मोनवर वाढतात का ते सांगणाऱ्या) आणि हर-टू (पेशी वाढवणारं एक प्रथिन जास्त आहे का ते सांगणारी) या चाचण्या नव्या तुकड्यावर पुन्हा करून घ्या. निकाल बदललेला असू शकतो आणि औषध त्यावरच ठरतं.

रिपोर्टमध्ये कॅन्सर पसरल्याचं आलं, तर लगेच कॅन्सरतज्ज्ञांना भेटा. बाकी शरीर तपासायला सीटी किंवा पेट-सीटी स्कॅन करतात. उपचार मुख्यतः सगळ्या शरीराचे असतात: गोळ्या, केमो, गरजेनुसार पापणीला रेडिएशन. डोळा पूर्ण मिटत नसेल, तर बुबुळ कोरडं पडून जखम होऊ नये म्हणून दिवसा थेंब आणि रात्री मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या.