पुढच्या ब्रेकला हात लावायच्या आधी: 8 इंची ड्रमवाल्या बोनव्हिलची तयारी

पहिली तयारी पान्यांची नाही, वही-पेन आणि वर्नियरची (बारीक माप घ्यायची पट्टी). गाडीच्या कागदावर जे साल लिहिलंय त्यावरून ब्रेकचं सामान मागवू नका, चाकात खरोखर काय बसलंय ते आधी बघा. माझ्या ट्रायम्फ बोनव्हिल मोटरसायकलच्या फ्रेम नंबरात ए आणि सी ही अक्षरं आहेत, ए म्हणजे जानेवारी, सी म्हणजे 1969, म्हणून मी बिनधास्त 1969 ची केबल मागवली आणि ती काही केल्या बसेना. गाडी इंग्लंडात मेरिडनच्या कारखान्यात बनली, तिथून अमेरिकेत गेली, बऱ्याच वर्षांनी परत इंग्लंडात आली, आणि मधल्या कुठल्यातरी मालकाने ब्रेक प्लेट (ड्रमचं झाकण, ज्यावर ब्रेकचे लिव्हर बसतात) 1968 ची टाकलेली. दुकानदाराची काहीच चूक नव्हती, मीच प्लेट न बघता ऑर्डर दिली होती.

फरक ओळखायला सोपा आहे. दोन लिव्हर आणि त्यांना जोडणारा रॉड दोन्ही सालांत दिसतो, पण 1968 ला केबल वळसा घेऊन प्लेटवर येते आणि 1969 पासून बेलक्रँकसारखा (ओढीची दिशा वळवणारा) लिव्हर आल्यामुळे ती फोर्कच्या बरोबरीने सरळ खाली उतरते. हँडल कुठलं आहे तेही लिहून ठेवा, अमेरिकन उंच हँडलला लांब केबल लागते आणि इंग्लंडातल्या बसक्या हँडलला आखूड. मग ड्रमचं माप. मोठ्या गाड्यांना 8 इंची म्हणजे 203 मिमी, पण त्याच काळातल्या 500 सीसीवर दिसायला अगदी तसाच 7 इंची म्हणजे 178 मिमीचा ब्रेक येतो आणि जुन्या सामानाच्या बाजारात दोन्हीचे शू (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल तुकडे) एकाच खोक्यात पडलेले असतात, त्यामुळे वर्नियर खिशात ठेवूनच जा.

पान्यांचं आता. हा काळ सगळ्यात वैतागाचा, कारण कारखान्यात जुने सायकल आटे (ब्रिटिश मापाचे, बारीक) जाऊन नवे यूएनएफ आटे (अमेरिकन इंची मापाचे) येत होते, आणि एकाच गाडीत दोन्ही सापडतात. 5/16 इंची सायकल बोल्टला इंचात 26 आटे, यूएनएफला 24. नट हाताने दोन फेरे जातो आणि अडकतो, आपल्याला वाटतं गंज आहे, पाना लावून जोर देतो आणि आटे जातात. आटे मोजायची पात्यांची गेज अगदी स्वस्तात मिळते, ती आधी घ्या. व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने वेगळे लागतात, 1/4 च्या पान्याचं तोंड 13.3 मिमी असतं, म्हणजे 13 चा पाना चढत नाही आणि 14 चा नटाचे कोपरे खातो. निघेल तो प्रत्येक नट-बोल्ट त्याच्याच वायसरसकट वेगळ्या पुडीत ठेवून वर नाव लिहा, आणि उघडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, नंतर त्यांच्याशिवाय काही आठवत नाही.

जुन्या लायनरमध्ये (शूवरचा घासणारा थर) ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला (ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी यायला 1999 उजाडलं). ड्रममधली धूळ हवेने उडवू नका आणि कोरड्या ब्रशने झाडू नका. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून वेगळं टाका. ह्यात हयगय अजिबात नको.

ड्रम लेथवर फिरवायचा असेल तर स्पोक ताणून चाक सरळ करून झाल्यावरच, आधी नाही, कारण स्पोकच्या ओढीने ड्रम किंचित लंबगोल होतो आणि आधी केलेलं काम वाया जातं. नवे शूसुद्धा त्याच ड्रमच्या मापाला घासून घ्या, नाहीतर लायनर मधेच कुठेतरी टेकतो आणि ब्रेक लाकडासारखा लागतो. कॅमच्या (फिरून शू बाहेर ढकलणाऱ्या) दांड्यांना ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, जास्त झालं की ते लायनरवर जाणार. शू बसवताना कुठलं टोक कॅमवर आणि कुठलं पिव्हटवर (शू ज्यावर फिरतो तो खुंटा) हे फोटोत बघून घ्या. प्लेटची खाच फोर्कवरच्या ठोकळ्यात नीट बसलीच पाहिजे, ती सुटली तर पहिल्याच ब्रेकला अख्खी प्लेट फिरते, केबल तुटते आणि चाक जाम होऊ शकतं. चाक चढवलं की मी तिथे बोट घालून दोनदा बघतो.

आता रॉड, खरी गंमत इथे आहे. रॉडच्या एका टोकाची पिन काढा म्हणजे दोन्ही लिव्हर सुटे होतात. दोन्ही लिव्हर आपापला शू ड्रमला टेकेपर्यंत दाबून धरायचे आणि रॉडची लांबी फिरवत फिरवत अशी आणायची की पिन नुसत्या बोटाने ढकलून भोकात सरकेल. ठोकावी लागली तर माप चुकलंय, आणि तेवढ्या फरकाने एकच शू सगळं काम करतो आणि दुसरा नुसता बसून राहतो. याला तीन हात लागतात, आमच्याकडे लिव्हर बायको धरते आणि पिन मी सरकवतो. काट पिन नवीनच घाला. स्पिंडलचा (चाकाच्या आसाचा) नट शेवटचा आवळायच्या आधी चाक फिरवा, ब्रेक जोरात दाबून धरा आणि तसाच धरून नट आवळा, म्हणजे प्लेट ड्रमच्या मधोमध येते.

पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, हळू, मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवून. नवे लायनर बसत जातात तशी केबल सैल पडते, ती हँडलवरून ओढून घ्या, आणि 100 मैल झाले की पिन काढून रॉड परत तपासा, माझा तेव्हा दीड फेरा फिरवावा लागला होता.