घरातल्या माजी सैनिकाचा जीवनवृत्तांत कसा लिहावा

खान्देशात माणूस गेल्यानंतर त्याच्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा उत्तरकार्याच्या पत्रिकेतल्या चार ओळींत आणि चौकातल्या फलकावर संपते. गेलेला माणूस माजी सैनिक असेल, तर त्या ओळींत ‘देशसेवा’ हा शब्द हमखास येतो. पण तो कोणत्या पलटणीत होता, कोणत्या सीमेवर उभा होता आणि त्या काळात घरची कपाशी कोणी वेचून घेतली, हे नातवंडांना कळत नाही. हा वृत्तांत घरच्यांनीच लिहावा आणि तो लिहिताना फौजेतली नोकरी एका प्रकरणात व संसार दुसऱ्या प्रकरणात, अशी वाटणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती दोन्ही आयुष्ये एकाच वेळी चालू होती आणि एकातल्या घटनेचा भार दुसऱ्यावर पडत होता.

आठवणी विचारण्याआधी कागद शोधावेत. त्यांच्या लोखंडी पेटीत डिस्चार्ज बुक असेल, तर भरतीची व निवृत्तीची तारीख, पलटण, हुद्दा, मिळालेली पदके आणि वर्तणुकीचा शेरा एकाच ठिकाणी मिळतो. ते हरवले असल्यास जळगाव किंवा धुळे येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे आणि त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्नीच्या नावाने अर्ज करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, तर सिग्नल्सचे, म्हणजे संदेशवहन दलाचे, जबलपूरला आहे. जवानाचे लग्न आणि मुलांचे जन्म फौजेत ‘पार्ट टू ऑर्डर’ या पलटणीच्या लेखी आदेशाने नोंदवले जातात, त्यामुळे संसाराचा बराचसा हिशेब सरकारी दप्तरातही सापडतो.

पदके घासूनपुसून लख्ख करण्याच्या आधी त्यांची कड भिंगातून वाचावी, कारण तिच्यावर सहसा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. कोणते पदक आहे यावरूनही पुष्कळ कळते. १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार मिळाला, तर संग्राम मेडल आघाडीच्या मागे राहून सेवा करणाऱ्यांनाही देण्यात आले. १९६५च्या बाबतीत समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल यांत साधारण असाच फरक आहे. आजोबांनी ढाक्याची गोष्ट सांगितलेली असते आणि पेटीत पश्चिमी स्टार निघतो, असेही घडू शकते. अशा वेळी ती गोष्ट त्यांनी ऐकलेली असावी, असे सरळ लिहावे. त्यात त्यांचा कोणताही कमीपणा नाही. जुनी आंतर्देशीय पत्रे जपून ठेवलेली असतील, तर ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) हा पत्ताही ढोबळमानाने पश्चिम की पूर्व, हे सुचवतो.

तारखा जुळवताना एक पेच हमखास येतो. घरचे सांगतात की युद्ध वर्षभर चालले होते, आणि पुस्तकात ते ३ डिसेंबर १९७१ला सुरू होऊन १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती व दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडे युद्धबंदी, असे चौदा-पंधरा दिवसांत आटोपलेले दिसते. येथे घरच्यांना खोडून काढण्याची घाई करू नये. पलटणी त्याच्या कितीतरी आधी सीमेकडे हलल्या होत्या, सिमला करार जुलै १९७२मध्ये झाला आणि पश्चिमेकडच्या सैन्यमाघारीला त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. १९६५मध्येही सप्टेंबरात युद्धबंदी झाली, तरी ताश्कंद करार १० जानेवारी १९६६चा आहे. पत्राची वाट पाहणाऱ्या घराचे युद्ध हे एवढे लांब होते, आणि वृत्तांतात दोन्ही मोजमापे शेजारी शेजारी असावीत.

कालक्रमाचा कणा म्हणून मी बदल्यांपेक्षा सुट्ट्या निवडीन. वर्षाकाठची दोन महिन्यांची रजा घेऊन माणूस पंजाब मेल किंवा झेलम एक्सप्रेसने भुसावळला नाहीतर चाळीसगावला उतरायचा, आणि त्या दोन महिन्यांत लग्न, विहिरीचे खोदकाम, बहिणीची सोयरीक, भावाभावांतली वाटणी असे सारे उरकायचे. कोणती कामे त्यांच्या सुट्टीत झाली आणि कोणती त्यांच्यावाचून करावी लागली, अशी नोंद आजीजवळ बसून केली, की पन्नास वर्षांचा संसार आपोआप उलगडतो. मनीऑर्डर कोणाच्या नावावर यायची, हा प्रश्न अवश्य विचारावा. थोरल्या दिराच्या नावावर यायची की सुनेच्या, यात घरातली सत्ता कोणाकडे होती, हे सगळे येते.

माहिती गोळा करण्यासाठी आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, दुसरा दिवस नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, पितरांची घागर भरलेली असते आणि गेलेल्या माणसाचा विषय काढायला निमित्त शोधावे लागत नाही. मात्र सर्वांना एकत्र बसवून विचारू नये, कारण एकाने सांगितलेली गोष्ट मग सगळेच सांगू लागतात. आजीचे, आत्याचे, जिभाऊंचे बोलणे वेगवेगळे मोबाइलवर रेकॉर्ड करावे आणि प्रत्येक आठवणीपुढे सांगणाऱ्याचे नाव टाकावे. पलटणीतला एखादा सोबती पारोळ्याला किंवा शिरपूरला हयात असेल, तर त्याच्याकडे मात्र सर्वांत आधी जावे. ही भेट पुढे ढकलण्यासारखी नसते. त्यांची वाक्ये अहिराणीत असतील तर अहिराणीतच ठेवावीत. ‘तठे भलती थंडी व्हती, भो’ एवढे बोलून जो माणूस गप्प बसायचा, त्याच्या तोंडी बर्फाच्छादित शिखरांची प्रमाण मराठी वर्णने शोभत नाहीत.

त्या गप्प बसण्याविषयीही लिहावे. रात्री दचकून उठणे, कॅन्टीनच्या रमचे वाढलेले प्रमाण, मुलांवर लादलेली फौजी शिस्त, हे जे घरात सर्वांना ठाऊक आहे ते पूर्ण गाळले, तर उरतो तो फलकावरचाच माणूस. किती सांगायचे हे पत्नी हयात असेपर्यंत तिने ठरवावे, आणि तिचा शब्द अंतिम मानावा. हुद्दा कागदावर आहे तोच लिहावा. निवृत्तीच्या वेळी मानद हुद्दा मिळाला असेल, तर ‘मानद’ हा शब्द गाळू नये. घरी वार्धक्याने गेलेल्या सैनिकाला ‘शहीद’ म्हणण्याची जी रीत फलकांवर पडू लागली आहे, तिच्यापासून दूर राहिलेले बरे.

छापण्याआधी मसुदा मोठ्याने वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवावा, कारण त्यांतल्या अनेकांना बारीक अक्षर वाचवत नाही आणि चूक कानावर पडली की ते लगेच टोकतात. पेन्शनच्या पीपीओचा, म्हणजे निवृत्तिवेतन आदेशाचा, क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक आणि डिस्चार्ज बुकाच्या पानांचे फोटो मात्र पुस्तिकेत किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नयेत, कारण कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्ध स्त्रीला फोनवरून फसवायला तेवढी माहिती पुरेशी होते.