कॅरॅव्हॅन घेऊन घाट उतरायचा तर

मराठवाड्यातून खानदेशात उतरायचं म्हटलं की घाट आलाच. कन्नडहून चाळीसगावला जाताना औट्रम घाट, अजिंठा गावातून फर्दापूरला जाताना अजिंठ्याचा घाट. इकडे बालाघाटाच्या रांगेत मांजरसुंबा आणि धारूर. कारने हे घाट सहज होतात, म्हणून टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, तीही तशीच जाईल असं वाटतं. पण साडेतीन-चार टनांची, उंच, मागचा भाग मागच्या चाकांच्याही बराच मागे आलेली ही गाडी गिअरवर उतरवायची असते. ब्रेक फक्त मदतीला. आणि त्याची तयारी घाट लागायच्या आधीच व्हायला हवी.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. जिनिंग, मार्केट यार्ड, साखर कारखाना, कुठे ना कुठे काटा सापडतोच. सामान आणि माणसांसकट पूर्ण गाडीचं वजन करा, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलवरचा, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावरचा, भार कळतो. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाच्या आत आकडा हवाच. मागे फार भार झाला तर पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टेअरिंग पकड सोडल्यासारखं वाटतं. बॅटऱ्या, भांडी, धान्य असं जड सामान तळाशी, दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये ठेवा. टपावर काही नको.

पाण्याची टाकी अर्धी भरलेली कधीच नेऊ नका. 100 लिटरच्या टाकीत 50 लिटर पाणी असलं की प्रत्येक वळणावर 50 किलो वजन एका बाजूला आदळतं. 15-20 लिटर ठेवा, बाकीचं सोडून द्या. खाली चाळीसगावात पुन्हा भरता येतं. गॅस सिलिंडर रेग्युलेटरवरून बंद. कपाटं आणि फ्रिजचं दार कडी लावून बंद, कारण भर वळणात मागे डबे पडले की चालकाची मान वळते.

टायरची हवा गाडी थंड असताना बघा, दाराच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याप्रमाणे. मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरची हवा लोक बघतच नाहीत. त्या दोन टायरांत अडकलेला दगडही काढा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा. कॅरॅव्हॅन उभीच जास्त असते, त्यामुळे नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर मानकानुसार ही मर्यादा 155 पर्यंत खाली येते.

रस्ता निवडताना उंची आणि रुंदी दोन्ही मोजून ठेवा, एसी आणि आरसे धरून. वेरूळला जायचं तर दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून मोठी गाडी घालू नका. धुळे महामार्गाने कसाबखेडा फाट्यावरून जा. औट्रम घाटात 2023 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी आली. तुमची गाडी त्यात बसते का, हे कन्नडमध्येच पोलिसांना आरसी दाखवून विचारा, घाटाच्या तोंडाशी गेल्यावर नाही. पावसाळ्यात तर हा घाट टाळलेलाच बरा. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस इथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. धारूरचा घाट अरुंद आहे आणि ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर समोर येतात, ते मागे घेता येत नाहीत. तिथे सकाळी उजाडल्यावरच जा. सराव करायचा असेल तर मांजरसुंब्याचा चौपदरी घाट चांगला.

आता उतार. साडेतीन टनांची गाडी 100 मीटर खाली आली की जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यात सुमारे 11 लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाऊ द्यायची की इंजिनावर सोपवायची, एवढाच प्रश्न असतो. पहिल्या वळणाच्या आधी, सपाटीवर असतानाच दुसरा गिअर टाका. भर उतारात वेग वाढल्यावर गिअर खाली पडत नाही आणि तेवढा वेळ गाडी मोकळी सुटते. इंजिन गुणगुणायला लागलं तर घाबरू नका, फक्त आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. वेग 30 वर गेला की ब्रेक दमदार दाबा, 20 वर आणा आणि पाय पूर्ण उचला. पाय नुसता टेकवून ठेवला की पॅड सतत घासतात आणि थंड व्हायला वेळच मिळत नाही.

न्यूट्रल टाकून डिझेल वाचतं हा समज काढून टाका. आजचं डिझेल इंजिन गिअरमध्ये उतारावर पाय उचलला की इंधन बंदच करतं; न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला डिझेल पितं. आणि इंजिन बंद केलं तर दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत संपते, स्टेअरिंगही जड होतं.

ब्रेक काय सांगतो ते पायाला ओळखता आलं पाहिजे. पेडल कडक आहे, जळका वास येतोय, पण गाडी थांबत नाही: पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय: ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. पहिल्यात थांबून अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. दुसऱ्यात पेडल भराभर पंप करा, गिअर पहिल्यावर आणा, हँडब्रेक थोडा-थोडा ओढा, दिवे-हॉर्न चालू ठेवा आणि गाडी डोंगराच्या बाजूला, गटाराकडे घासत न्या. दरीची बाजू सोडायचीच. पेडल नंतर परत कडक झालं तरी ऑइल बदलेपर्यंत गाडी पुढे नेऊ नका.

वळणात मागची चाकं आत येतात. 4 मीटर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि 10 मीटर त्रिज्येचं वळण असेल तर सुमारे 80 सेंटीमीटर. डावं वळण आपल्यासाठी आतलं आणि घट्ट, म्हणून आधी हॉर्न द्या, समोर रिकामं आहे हे बघा, मग थोडं रुंद जाऊन उशिरा वळा. मागचा भाग उलट बाजूला फेकला जातो, कठड्याशी दुचाकी असेल तर थांबा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे.

चढताना मे महिन्यात एसी बंद करा. तापमानाचा काटा वर गेला तर मोकळ्या जागी थांबून इंजिन चालूच ठेवा, रेडिएटरचं झाकण उघडू नका. चाकाला दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला टाका. रात्री त्यावर दुचाकीवाला पडतो.

खाली पोचल्यावर लगेच चाकांवर पाणी मारू नका, डिस्क वाकडी होते. एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवा आणि प्रत्येक चाकाजवळ, न टेकवता, हात धरून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. ते चाक गॅरेजात उघडून बघितल्याशिवाय परतीचा घाट चढू नका.