‘स्लो आहे’ या तक्रारीचे काय करावे : संथ सुपरहीरोपट घरी दाखवणाऱ्यासाठी

चार माणसे जमवून घरी चित्रपट दाखवणाऱ्याला ‘स्लो आहे’ या दोन शब्दांची सर्वांत जास्त धास्ती असते. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दिवाणखान्यात महिन्यातून एका शनिवारी शेजारी आणि नातलग मिळून आठ-दहा जण जमतात. हे दोन शब्द सर्वाधिक वेळा ऐकू आले ती रात्र दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन यांच्या ‘अनब्रेकेबल’ची होती. त्याच रात्री निघताना, दारात चपला घालता घालता, ‘हा मला परत बघायचाय’ असे सांगणारेही दोघे निघाले. चित्रपट तोच, सोफा तोच, पोहेही तेच, तरीही मते अशी दोन टोकांना का गेली, हा प्रश्न त्या रात्री मला पडला. त्यानंतर असे चित्रपट दाखवताना ज्या गोष्टी पाळू लागलो, त्या इथे लिहीत आहे. अलौकिक शक्तीची कथा, पण मारामारी नावापुरती, चेहरे उदास आणि बोलणे कुजबुजल्यासारखे, अशा कोणत्याही चित्रपटाला त्या लागू पडाव्यात.

बोलावताना खरे सांगावे

आमंत्रणाच्या निरोपात चित्रपटाचे वर्णन खरे केले, तर निम्मी नाराजी तिथेच टळते. माझी पहिली चूक हीच होती. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मी ‘सुपरहीरोचा पिक्चर’ एवढेच लिहिले आणि घोडबंदर रोडला राहणारा माझा भाचा त्याच भरवशावर दोन मित्रांना घेऊन आला. तिघेही नायक कधी उडतो याची वाट पाहत राहिले. या नायकाचा झगा म्हणजे पावसात अंगावर घ्यायचा साधा रेनकोट आहे, हे लक्षात आल्यावर त्यांच्यातल्या एकाने उघडपणे मोबाइल काढला. दोष त्यांचा नव्हता, त्यांना मी वेगळ्याच चित्रपटाला बोलावले होते.

गंमत अशी की मूळ चित्रपटाच्या नशिबीही जवळजवळ हेच आले होते. श्यामलन यांचा आधीचा, ब्रूस विलिस नायक असलेला आणि शेवटी धक्का देणारा भुताचा चित्रपट ‘द सिक्स्थ सेन्स’ 1999 मध्ये आला आणि त्याने जगभरात सुमारे 67 कोटी डॉलर मिळवले. पुढच्याच वर्षी, 22 नोव्हेंबर 2000 रोजी, त्याच ब्रूस विलिसला घेऊन ‘अनब्रेकेबल’ अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा जाहिरातींनी तो आणखी एक गूढ थरारपट असल्यासारखा विकला आणि कॉमिक्सशी असलेले त्याचे नाते जवळपास झाकून ठेवले. त्या काळी सुपरहीरोपट म्हणजे सर्वांच्या घरची गोष्ट झालेली नव्हती. ‘एक्स-मेन’ त्याच वर्षी आला होता आणि ‘आयर्न मॅन’ यायला अजून आठ वर्षे होती. भुताची आणि धक्क्याची अपेक्षा घेऊन आलेल्या प्रेक्षकांसमोर, आपल्यात काहीतरी वेगळे आहे हे मान्य करायलाच तयार नसलेला एक खिन्न सुरक्षारक्षक उभा राहिला. अमेरिकेत पहिल्या दिवशी चित्रपटगृहांतच प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेच्या मोजणीत त्याला ‘सी’ श्रेणी मिळाली. स्वतःच्या पैशाने तिकीट काढून पहिल्याच दिवशी गेलेला माणूस सहसा उदार हाताने गुण देतो, त्यामुळे या मोजणीत ‘सी’ म्हणजे चक्क नाराजी समजावी. तरीही साडेसात कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात 24 कोटी 80 लाखांच्या आसपास कमाई केली आणि 2009 मध्ये दिग्दर्शक क्वेंटिन टॅरेंटिनो यांनी 1992 नंतरच्या आपल्या आवडत्या वीस चित्रपटांत त्याला जागा दिली. अपयशी, पण विसरला न गेलेला, असे या चित्रपटाबद्दल म्हटले जाते तेव्हा ‘अपयशी’ हा भाग आकड्यांवर टिकत नाही. नाराजी होती, ती अपेक्षाभंगाची होती.

म्हणून आता निरोपात मी स्पष्ट लिहितो: एका रेल्वे अपघातातून एकटाच वाचलेल्या माणसाची गोष्ट, म्हणावी अशी मारामारी एकच, लांबी 106 मिनिटे. एवढे वाचून दोन माणसे कमी आली, तर ती अनुपस्थिती फायद्याचीच धरावी. मात्र शेवट किंवा शेवटाकडे बोट दाखवणारे काहीही लिहू नये. ‘शेवटी धक्का आहे’ एवढे सांगणेही टाळावे, कारण मग माणसे चित्रपट पाहण्याऐवजी धक्क्याची वाट पाहतात.

सुरुवातीच्या मजकुराकडे मात्र पाहुण्यांचे लक्ष जरूर वेधावे. सरासरी कॉमिक पुस्तकात 35 पाने आणि 124 चित्रे असतात, अशा रूक्ष माहितीने हा चित्रपट सुरू होतो, आणि दिग्दर्शक आपल्याला गोष्ट कोणत्या चष्म्यातून दाखवणार आहे हे तिथेच सांगून टाकतो. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत मोठे झालेले आमच्याकडचे साठीतले पाहुणे हा इशारा चटकन पकडतात. तरुण मंडळींना तो सांगावा लागतो, हे मला थोडे अनपेक्षित होते.

खोली आणि पडदा

याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. या चित्रपटातली माणसे हळू आवाजात बोलतात आणि ठाण्यातल्या मे महिन्यात पंखा पाचवर असतो, म्हणून सबटायटल्स सुरू ठेवावीत. टीव्हीवर चित्र भडक करणारा मोड बंद करून सिनेमा मोड लावावा आणि हालचाल अवाजवी गुळगुळीत करणारी सेटिंगही बंद करावी. छायाचित्रकार एदुआर्दो सेरा यांनी हिरवट-निळसर, विझलेले रंग मुद्दाम वापरले आहेत. नायकाभोवती हिरवा आणि एलायजा या कॉमिक्सच्या व्यापाऱ्याभोवती जांभळा रंग फिरत राहतो, आणि एखादा ठळक नारिंगी किंवा लाल कपडा दिसला की त्याला अर्थ असतो. भडक मोडमध्ये सगळेच रंग ओरडतात, मग तो नारिंगी कुणाच्या लक्षात येणार? आणि सोसायटीच्या सभागृहात जाहीर खेळ लावण्याचा मोह झाला, तर हक्कधारकाच्या परवानगीचा प्रश्न येतो. घरची बैठक घरीच बरी.

मध्यंतर करू नये. याच मालिकेतला तिसरा चित्रपट, ‘ग्लास’, 2019 मध्ये मी ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. इंग्रजी चित्रपटात मुळात नसलेले मध्यंतर आपल्याकडे चित्रपटगृहच घालते, हे ठाऊक असूनही, एक माणूस वाक्य बोलत असताना ते मधेच तोडून पडद्यावर समोसा-पॉपकॉर्नची जाहिरात आली, तेव्हा मला चिडचिड आवरली नाही. वेगवान चित्रपट असा धक्का पचवतो, संथ चित्रपटाने मात्र तासाभरात हळूहळू साचवलेले वातावरण पाच मिनिटांत ओसरते आणि परतलेला प्रेक्षक पुन्हा पहिल्यापासून कंटाळतो. घरी थांबणे अगदीच भाग पडले, तर नायक तळघरात वजने उचलतो तो प्रसंग पूर्ण संपल्यावर थांबावे, त्याआधी नाही.

‘कुठे?’ असे विचारावे

चित्रपट संपल्यावर लगेच दिवा लावू नये आणि ‘कसा वाटला?’ असेही विचारू नये, कारण त्या प्रश्नाला ‘छान’ आणि ‘स्लो’ ही दोनच उत्तरे येतात. कुणी ‘स्लो’ म्हणाले की शांतपणे ‘कुठे?’ असे विचारावे आणि प्रसंग सांगायला लावावा. या एका प्रश्नाने माझ्या बैठका जेवढ्या सुधारल्या तेवढ्या दुसऱ्या कशाने सुधारल्या नाहीत. एकाच शब्दाआड माणसे तीन निरनिराळ्या तक्रारी लपवत असतात, हे तेव्हाच कळते.

पहिली तक्रार चित्रपटाची नसतेच, ती आमंत्रणाची असते. ‘कुठे?’ विचारल्यावर भाचा म्हणाला, ‘मामा, सगळीकडेच. पॉवर आहे तर वापरत का नाही?’ हे उत्तर पडद्यावर न आलेल्या दुसऱ्याच चित्रपटाबद्दलचे होते. अशा वेळी वाद घालू नये, क्षमा मागावी आणि पुढच्या वेळी निरोप नीट लिहावा.

दुसऱ्या प्रकारात माणूस नेमका प्रसंग सांगतो आणि सांगता सांगता स्वतःच थबकतो. सुरुवातीचा रेल्वेतला प्रसंग घ्या. पुढच्या आसनावरची लहान मुलगी दोन खुर्च्यांच्या फटीतून मागे पाहते आणि कॅमेराही त्या फटीतूनच या बाजूने त्या बाजूला सरकत राहतो. शेजारी एक तरुणी येऊन बसताच नायक बोटातली लग्नाची अंगठी काढून ठेवतो. दृश्य फारसे तोडलेले नाही, त्यामुळे आपण अवघडतो. आमच्याकडच्या एका सद्गृहस्थांनी, ज्यांची तीस वर्षे ठाणे-सीएसएमटी लोकलमध्ये गेली, हाच प्रसंग ‘उगाच लांबवला’ म्हणून सांगितला आणि लगेच म्हणाले, ‘पण गाडीत दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं तेव्हा असंच होतं, बघायचं नसतं आणि नजर हटत नाही.’ 1853 मध्ये बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, त्या गावच्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागू नये, हे ठीकच झाले. पुढे याच नायकाला गर्दीच्या स्टेशनात हात किंचित पसरून उभे राहावे लागते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा स्पर्श होऊन त्यांची दुष्कृत्ये त्याला दिसतात. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता त्याला हात पसरण्याचीही गरज पडली नसती, ही मल्लिनाथी त्याच गृहस्थांची.

वजनांच्या प्रसंगाला मात्र आमच्याकडे सर्वाधिक वेळ मिळतो, आणि तो मिळावाच. तळघरात बाप बाकावर आडवा पडून वजन उचलतो आहे आणि छोटा मुलगा दांड्यावर चकत्या चढवतो आहे. बाप काढायला सांगतो, मुलगा गुपचूप आणखी चढवतो. वजन उचलले जाते. मग दोघेही काही न बोलता पुन्हा वाढवतात, चकत्या संपल्यावर घरातले रंगाचे डबेसुद्धा दांड्याला लावले जातात, आणि दर वेळी बाप मुलाला थोडे मागे सरकून उभे राहायला सांगतो. नेहमीच्या सुपरहीरोपटात शक्तीचा शोध चार झटपट दृश्यांत आणि मोठ्या संगीतात उरकला असता. इथे तो एका घरातल्या जुन्या सामानावर होतो, आणि त्याला लागणारा वेळ म्हणजे एका मुलाला बापावर विश्वास बसायला आणि बापाला स्वतःवर बसायला लागणारा वेळ आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्या एरवी अर्ध्या चित्रपटात पेंगतात, एवढेच विचारले, ‘ते रंगाचे डबे होते ना गं? आमच्याकडे माळ्यावर तसेच पडलेत.’ त्यांना प्रसंग पोचला होता. असे काही ऐकू आले की यजमानाने मधे पडू नये, उरलेली चर्चा पाहुणे आपसांत करतात.

तिसरी तक्रार खरी असते आणि ती मान्य करण्याची तयारी ठेवावी. आपल्याला आवडलेल्या चित्रपटाची वकिली करण्याची खोड मलाही आहे, पण ‘कुठे?’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर कधीकधी आपल्यालाही गप्प बसावे लागते. नायक आणि त्याची पत्नी यांच्यातला दुरावा दोन-तीन वेळा त्याच सुरात सांगितला जातो, आणि तिथे गती खरोखर ढिली पडते, असे माझेही मत आहे. त्याहून मोठा आक्षेप शेवटाला आहे. एक गोष्ट उघड होते आणि तिथेच चित्रपट आटोपतो. पुढे काय झाले ते पडद्यावर दोन ओळींत लिहून कळवले जाते. तासभर एका अंगठीला, एका रेनकोटला आणि रंगाच्या डब्यांना निवांत वेळ देणारा दिग्दर्शक सर्वांत मोठ्या घटनेच्या परिणामांना मात्र दोन वाक्यांत उरकतो. आमच्याकडे ‘स्लो आहे’ म्हणणाऱ्या एका ताईंना खोदून विचारल्यावर त्यांची खरी तक्रार बाहेर आली ती ही: ‘शेवट घाईत केला.’ माझ्या बैठकीत आजवर निघालेली ही सर्वांत नेमकी टीका आहे, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही.

पुढचे दोन भाग

क्रम बदलू नये. ‘स्प्लिट’ 2017 च्या जानेवारीत अमेरिकेत प्रदर्शित झाला, तो अवघ्या 90 लाख डॉलरांत बनला होता, आणि त्याच्या शेवटच्या दृश्याचा अर्थ ‘अनब्रेकेबल’ न पाहिलेल्याला लागत नाही. त्यात मुलींच्या अपहरणाची कथा असल्यामुळे लहान मुलांना त्या शनिवारी बोलावू नये. आधीच्या दोन्ही चित्रपटांतली पात्रे एकत्र आणणाऱ्या ‘ग्लास’वर पुन्हा उलटसुलट मते ऐकण्याची तयारी ठेवावी. एका चित्रपटासाठी दोन जमाव आले होते, एक जुन्या नायकाची अठरा वर्षे वाट पाहणारा आणि दुसरा ‘स्प्लिट’ची वेगवान भीती मागणारा, आणि दोघांचेही पूर्ण समाधान झाले नाही.

म्हणून तिसऱ्या भागाच्या आधी पाहुण्यांना कागदाची एकेक चिठ्ठी द्यावी, ‘मला यात काय पाहायचे आहे’ हे एका ओळीत लिहायला सांगावे आणि चिठ्ठ्या शेवटपर्यंत स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात. चित्रपट संपल्यावर आधी त्या वाचाव्यात, मग मते विचारावीत. आमच्याकडे बहुतेकांनी ‘दोघांची समोरासमोर मारामारी’ असे लिहिले होते. भाच्याने ‘पॉवर वापरा’ एवढेच लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. काकूंची चिठ्ठी उघडली तर त्यात लिहिले होते, ‘तो मुलगा मोठा झाला असेल, त्याचं पुढे काय झालं ते.’