अकारण हिंसेच्या बातमीनंतर काय बोलावे आणि कुठे थांबावे

ओळख ना पाळख, वैर ना वाद, तरीही भररस्त्यात कोणी कोणाचा जीव घेतल्याची बातमी आली की ऐकणाऱ्याचे मन आधी कारण शोधू लागते. कारण सापडले तर ते आपल्याला टाळता येईल, असा धीर त्यातून मिळतो. ‘एवढ्या रात्री तो तिकडे गेलाच कशाला,’ हा प्रश्न त्या भीतीतूनच निघतो, पण मृताच्या घरी पोहोचेपर्यंत त्याचा आरोप झालेला असतो. म्हणून पहिल्या दिवशी कारण विचारू नये, सुचवू नये, आणि आडनावावरून जातिधर्माचा तर्क तर मुळीच लढवू नये.

खानदेशात याचे मोल आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या मोबाइलवरील अफवेमुळे, भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने मारून टाकले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. परंतु भाऊबंदकीचा, शाळेचा, गावाचा आणि भिशीचा असे गट धरले तर तेवढ्यातही शेकडो माणसे येतात. संदेशात ठिकाण, वेळ आणि सांगणाऱ्याचे नाव नसेल, तर तो आपल्यापाशीच थांबवावा. प्रत्यक्ष धोका दिसत असल्यास ११२ वर फोन करावा. गटाचे ॲडमिन असाल, तर त्या रात्रीपुरते ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हे सेटिंग सुरू करावे. कोणी रागावले तरी चालेल.

घटनेचे चित्रीकरण आपल्या हाती आले असेल, तर ते गटात टाकू नये आणि घाबरून पुसूनही टाकू नये. आपणच ते टिपले असेल, तर मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून पोलिसांना दाखवावी. पुढे पाठवताना चित्राचा दर्जा उतरतो, मूळ फाइलसोबतची वेळेची नोंदही बरेचदा टिकत नाही. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे, हेही गटातील सर्वांना सांगून ठेवावे.

विनोदाचा प्रश्न याहून अवघड आहे. मार्च २०२५ मध्ये मेरठमध्ये एका तरुणाची हत्या करून त्याचा मृतदेह निळ्या ड्रममध्ये सिमेंटने बुजवल्याचे उघड झाले, आणि थोड्याच दिवसांत देशभर निळ्या ड्रमवरचे मीम आणि रील फिरू लागले. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या आपल्या गावांत तसा ड्रम दारोदारी असतो, त्यामुळे तो विनोद इथे कोणालाही सहज सुचणारा होता. मृताची मुलगी मात्र लहान आहे. ती मोठी होऊन वाचू लागेल तेव्हा हे सारे तिच्यासमोर येऊ शकते.

तरीही भयाण विनोद सरसकट निषिद्ध मानू नये, असे मला वाटते. शवविच्छेदनगृहातील कर्मचारी किंवा १०८ रुग्णवाहिकेवरील माणसे आपसांत जे बोलतात, ते पुढच्या फेरीला निघण्याचे बळ मिळावे म्हणून असते, आणि ते त्यांच्यातच राहते. दारावर बसलेल्या, म्हणजे दुखवट्यात असलेल्या घरातही चौथ्या-पाचव्या दिवशी मृताच्या एखाद्या सवयीची आठवण निघते आणि रडता रडता सगळे हसतात. ते हसू त्या घराचे असते. पाहुण्याने त्यात सामील व्हावे, स्वतः सुरुवात करू नये. बाहेरच्याला स्वतःच्या भीतीवर किंवा मारेकऱ्याच्या मस्तीवर काही सुचलेच, तर ते जवळच्या एक-दोन माणसांपुरते ठेवावे. जखम, हत्यार, मरणाची रीत आणि मृताची जात यांवर मात्र कोणत्याही दिवशी, कोणासमोरही विनोद करू नये. शंका वाटल्यास हेच वाक्य आपण त्या दारावर, मृताच्या आईसमोर उच्चारू का, एवढे स्वतःला विचारावे.

कोणी गटात असा विनोद टाकलाच, तर त्याला तिथेच फैलावर घेऊ नये, कारण चारचौघांत शरमिंदा झालेला माणूस दुसरा विनोद टाकून पहिल्याचे समर्थन करतो. त्याला वेगळा फोन करावा आणि आपल्या अहिराणी बोलीत सरळ सांगावे, ‘भाऊ, त्या घरना लोके बी या ग्रुपमा शेतस, तेवढं काढी टाक.’ बहुतेक वेळा तोही घाबरलेलाच असतो. पाच मिनिटे त्याचे ऐकून घ्यावे.

सांत्वनाला गेल्यावर ‘नेमके कसे झाले’ हे विचारू नये, कारण त्या घराने ते पोलिसांना आणि प्रत्येक नातलगाला आधीच सांगितलेले असते. मुलांसमोर बातम्या सतत चालू ठेवू नयेत. त्यांनी विचारले तर खरे पण थोडक्यात सांगावे. स्वतःची झोप उडाली असेल, तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

गंधमुक्तीनंतर, म्हणजे दुखवटा संपवण्याच्या विधीनंतर, माणसांची ये-जा थांबते आणि कागदपत्रांचे काम खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू होते. पीडितांच्या भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे अनेक घरांना ठाऊक नसते. प्रथम खबरी अहवालाची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल आणि वारसांची कागदपत्रे गोळा करण्यास कोणीतरी सोबत लागते. खटला उभा राहिला की साक्षीच्या तारखेला जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या न्यायालयात दिवसभर शेजारी बसणारे माणूसही लागते, आणि ती तारीख आपल्या वहीत आधीच लिहून ठेवावी.