डीसीसीत इंजिन अडखळतंय? आधी टेबलाखाली बघा

मॉडेल रेल्वेत जुन्या डीसी कंट्रोलरवर व्होल्टेज कमीजास्त केलं की गाडीचा वेग बदलतो. डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळांवर पूर्ण व्होल्टेज कायम असतं, एचओ या मॉडेल-मापासाठी साधारण १५ व्होल्ट, आणि त्याच विजेतून प्रत्येक इंजिनाला त्याच्या पत्त्यावर आज्ञा जाते. म्हणून डीसीवर खपून गेलेली कच्ची जोडणी इथे खपत नाही. दोष मात्र डीकोडरच्या, म्हणजे इंजिनात बसवलेल्या, आज्ञा वाचून मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या माथी मारला जातो.

मुख्य बससाठी, म्हणजे टेबलाखालून फिरणाऱ्या वीजपुरवठ्याच्या वायरजोडीसाठी, घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिमीची वायर चालते. दोन रुळांना दोन रंग, आणि ते शेवटपर्यंत पाळायचे. दर मीटरला ०.५ चौरस मिमीचा फीडर (बसपासून रुळापर्यंतची छोटी वायर) रुळाला सोल्डर करा, लांबी ३० सेंमीच्या आत. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या नुसत्या रेल जॉइनरवर विसंबू नका. दमट हवेत त्यांच्या आत ऑक्साइड चढतो आणि वीज अडते. जुना डीसी कंट्रोलर पूर्ण काढून टाका. दोन्ही एकाच वेळी रुळाला लागले तर बूस्टर (रुळांना डीसीसीची वीज देणारा भाग) जळू शकतो.

मग नाण्याची चाचणी. एचओ रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, त्यामुळे रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आरामात टेकतं. दर दोन फीडरांच्या मधोमध ते क्षणभर टेकवा. बूस्टर लगेच ट्रिप झाला पाहिजे. नाही झाला तर लगेच उचला: तिथली जोडणी कमकुवत आहे. खऱ्या शॉर्टमध्ये तिथून ३ ते ५ अँपिअर वाहत राहतील आणि स्लीपर वितळतील. ही चाचणी टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही.

डीकोडर बसवण्याआधी मोटरच्या दोन्ही टोकांचा रुळांशी आणि चासीशी संबंध तुटला आहे का, हे मल्टिमीटरने तपासा. लाल-काळी वायर रुळांकडची, नारिंगी-करडी मोटरची, निळी दिव्यांची सामायिक धन. पहिली चाचणी प्रोग्रामिंग ट्रॅकवरच, म्हणजे डीकोडरच्या सेटिंगसाठी ठेवलेल्या वेगळ्या रुळावरच घ्या. तिथे करंट मर्यादित असल्याने चुकीची जोडणीही बहुधा निभावते. सीव्ही १ वाचा (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग), नव्या डीकोडरचा पत्ता ३ दिसायला हवा. काहीच वाचता येत नसेल तर चाकं पुसा, मोटरच्या वायरी बघा. डीकोडर उत्तर देतो तो मोटरला क्षणभर वीज देऊन, निदान ६० मिलिअँपिअर. मोटरच जोडलेली नसेल तर उत्तर कुठून येणार?

वेग वाढवताना दिवा लागतो-विझतो? कंट्रोलर वेगाच्या २८ पायऱ्यांवर आणि डीकोडर १४ वर आहे. सीव्ही २९ मध्ये २ मिळवा. शॉर्टनंतर इंजिन आपोआप सुसाट सुटतं, तेव्हा डीकोडर रुळांवरच्या विजेला डीसी समजलेला असतो. सीव्ही २९ मधला ४ वजा करा: ६ असेल तर २, लांब पत्त्याला ३८ असेल तर ३४. डीकोडरचा ८ पिनी प्लग उलटा बसला तर मोटर चालते, पण दिवे लागत नाहीत.

गाडी वळसा घालून त्याच रुळावर परतते तिथे शॉर्ट ठरलेलाच. वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ इन्सुलेटेड जॉइनरने तोडा, मधल्या भागाला ऑटो-रिव्हर्सर (रुळांची ध्रुवता आपोआप उलटवणारं उपकरण) द्या. तो भाग सर्वांत लांब गाडीहून लांब हवा.