नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकण्याआधी

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थम्बरलँडमध्ये, बीडनेल, सीहाउसेस किंवा बँबरा या गावांच्या आसपास तंबूची जागा घेतली असेल, तर बॅगा काढायच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक काढा आणि सगळी सुट्टी त्याच्याभोवती बसवा. मुख्य भूमीवरचे किल्ले भरती न पाहता बघता येतात. होली आयलंड, म्हणजे लिंडिसफार्न बेट, मात्र समुद्र जाऊ देईल तेव्हाच. बेटाकडे जाणारा डांबरी रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दर खेपेला साधारण पाच तास बंद राहतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे सोमवारी जमलेली वेळ शुक्रवारी जमेलच असं नाही.

कोकणात वाढलेल्यांना अंदाज बांधणं सोपं आहे. दिनदर्शिकेत तिथी बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास होली आयलंडला भरती दुपारी येते, म्हणजे ऐन फिरायच्या वेळेला रस्ता बंद. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भरती कमी असते त्या भांगाच्या दिवसांत, दुपारपासून संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. शक्य असेल तर बेटासाठी असाच दिवस निवडा. हा झाला फक्त दिवस निवडण्यापुरता अंदाज. गाडी रस्त्यावर घालायची ती नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिल जाहीर करते त्या सुरक्षित वेळांप्रमाणेच. त्या वेळांचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण किनाऱ्यावर नेटवर्क बेभरवशाचं आहे. साधं भरतीचं कोष्टक वापरून स्वतः हिशेब करू नका. अशी काही कोष्टकं जीएमटीमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत, असतात, उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं, आणि नेमक्या त्या तासात गाड्या अडकतात.

अडकण्याची जागाही बहुतेक ठरलेली असते. मुख्य भूमीच्या बाजूचा छोटा पूल जिथे आहे तो सखल भाग लवकर बुडतो. बेटावरून परतताना समोरचा रस्ता कोरडा दिसतो आणि पाणी गाठतं ते पुलाशी. म्हणूनच तिथे खांबांवर उभारलेली पांढरी खोली आहे. शिडीने वर चढायचं आणि सुटका होईपर्यंत थांबायचं; गाडी मात्र खाऱ्या पाण्यात जाते. बँबराहून बेटावरच्या गावापर्यंत पाऊण तास धरा, वर बील गावाच्या रेल्वे फाटकासाठी दहा मिनिटं. परतीची सुरक्षित वेळ संपायच्या तासभर आधी निघा. जुन्या यात्रामार्गाच्या खुणेचे खांब वाळूत दिसतात, पण तिथून चालत जाणं हा वेगळा बेत आहे. माहितगार माणूस सोबत नसेल तर मुलांना घेऊन तो करू नये. बेटावर मठाचे अवशेष, किल्ला आणि प्रसिद्ध उद्यानरचनाकार गर्ट्रूड जीकिलने आखलेली छोटी भिंतबंद बाग एवढं नीट बघायला चार तास हवेत. 793 साली व्हायकिंगांनी लुटला तो मठ याच बेटावरचा. आज दिसतात ते अवशेष त्यानंतरच्या काळातले.

बेटाचा दिवस पक्का झाला की फार्न बेटांची बोट. बोटी सीहाउसेसच्या धक्क्यावरून सुटतात. पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी बघायचे असतील तर मे ते जुलैच्या मध्यापर्यंतच जा. जुलैअखेर ते समुद्रावर निघून जातात, आणि शाळेच्या सुट्टीत, ऑगस्टमध्ये, आलेली कुटुंबं हमखास निराश होतात. त्यांच्यासाठी सील आहेत, ते वर्षभर दिसतात. इनर फार्नवर उतरायचं असेल तर पैसे दोनदा भरावे लागतात, एकदा बोटीचे आणि एकदा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचे. ट्रस्टच्या सभासदांना उतरण्याचे पैसे पडत नाहीत, बोटीचे पडतातच. 2022 मध्ये पक्ष्यांच्या फ्लूमुळे बेटांवर उतरणं बंद झालं होतं, म्हणून यंदा उतरू देतात का हे आरक्षणाआधी विचारा. लाटा मोठ्या असल्या तर बोट फिरवून आणतात पण उतरवत नाहीत. त्यामुळे बोटीचा दिवस सुट्टीच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे रद्द झाली तर पुढे जागा राहते.

बोटीच्या पिशवीत प्रत्येकासाठी जाड टोपी हवीच. मे अखेरीपासून जुलैपर्यंत आर्क्टिक टर्न हे समुद्रपक्षी अंडी-पिलं राखत असतात आणि पायवाटेवरून चालणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात. मऊ कापडी टोपीतूनही रक्त येतं. शिवाय वाऱ्याचं जॅकेट, हात पुसायला ओले कागद, आणि ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, पोटात ढवळायला लागल्यावर नाही.

आता तंबू. इथली जमीन वाळूमिश्रित आहे आणि वाऱ्याला आडोसा नाही. तंबूसोबत मिळणाऱ्या काडीसारख्या खुंट्या पहिल्या रात्रीच उपटतात. तीस सेंटिमीटरच्या रुंद, खाचेच्या खुंट्या निदान वाऱ्याच्या बाजूच्या दोऱ्यांना तरी लावा. जूनमध्ये साडेचारला उजाडतं आणि पावणेदहाला सूर्य मावळतो, तेव्हा मुलांसाठी डोळ्यांच्या पट्ट्या किंवा आतून गडद असलेला तंबू घ्या.

वीज घेतली असेल तर ती बहुधा दहा किंवा सोळा अँपिअरची असते. दहा अँपिअर म्हणजे 2300 वॅट. घरची तीन हजार वॅटची किटली लावली की खटका पडतो, आणि खांबाला कुलूप असेल तर रात्री कुणाला उठवायचं हा प्रश्न. हजार वॅटची छोटी किटली आणा, आणि ती चालू असताना इंडक्शन बंद ठेवा. कुकर न्यायचाच असेल तर दोन बर्नरची बसकी शेगडी हवी. डब्यावर फिरवून बसवायच्या एकेरी बर्नरवर तीन लिटरचा कुकर डुगडुगतो आणि डाळीसकट आडवा होतो. शेगडी किंवा बार्बेक्यू तंबूत कधीही नाही, पाऊस असला तरी नाही. विझल्यासारखा दिसणारा कोळसासुद्धा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेली माणसं उठत नाहीत.

पोहण्याच्या सामानात जाड वेटसूट घ्या. ऑगस्टमध्येही पाणी तेरा-चौदा अंशांच्या वर क्वचित जातं. हवा भरायची बोट, गादी, फ्लेमिंगो सगळं घरी ठेवा. हा पूर्व किनारा आहे आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. त्यामुळे पाणी शांत दिसतं आणि मूल गादीसकट आत ओढलं जातं. जीवरक्षकांचे लाल-पिवळे झेंडे लावले असतील तर त्यांच्यामध्येच पोहा. अडचण आली तर 999 लावून कोस्टगार्ड मागा.

क्रॅस्टर ते डन्स्टनबरा किल्ला ही साधारण दोन किलोमीटरची सपाट चाल आहे. गाडी क्रॅस्टरच्या जुन्या खाणीतल्या वाहनतळावर लावायची, किल्ल्यापर्यंत रस्ता नाही. स्वच्छतागृह क्रॅस्टरलाच उरकून निघा. 1313 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला बँबराइतका नीटनेटका नाही, पण दोन्हींत एकच बघायचा झाला तर आम्ही हाच सांगू. येताना क्रॅस्टरचे किपर, म्हणजे ओकच्या भुशावर धुरवलेले हेरिंग मासे, घ्या. सुक्या बोंबलासारखाच त्यांचा वास गाडीत दिवसेंदिवस राहतो, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा बरोबर हवा.

राहता राहिला धुक्याचा दिवस. वसंत आणि उन्हाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की थंड समुद्रावरून दाट धुकं आत येतं आणि किनाऱ्यावर काही दिसत नाही, पण दहा-पंधरा किलोमीटर आत बऱ्याचदा लख्ख ऊन असतं. ॲनिक आणि क्रॅगसाइड त्यासाठी राखून ठेवा. ही दोन ठिकाणं आधीच दिवस ठरवून अडकवून टाकली की धुक्याच्या दिवशी करायला काही उरत नाही. ॲनिकला जुन्या रेल्वे स्थानकात भरलेलं पुस्तकांचं प्रचंड दुकान आहे, पावसातही अर्धा दिवस जातो. क्रॅगसाइड हे उद्योगपती विल्यम आर्मस्ट्राँगचं घर, जलविद्युतेने दिवे लागलेलं जगातलं पहिलं. याच माणसाने 1894 मध्ये बँबराचा किल्ला विकत घेतला. क्रॅगसाइडला चढ-उतार बरेच आहेत, चपला चालणार नाहीत.

वाहनतळासाठी एक पौंडाची सुटी नाणी गाडीत टाका. नेटवर्क गेलं की पैसे भरायचं ॲप उघडत नाही. निघायच्या सकाळी तंबू दवाने ओला असतोच. ऊन येईपर्यंत थांबता येत नसेल तर एक मोठी प्लास्टिकची पिशवी त्यासाठी ठेवा, आणि घरी पोचल्यावर दोन दिवसांच्या आत तंबू पूर्ण पसरून वाळवा. ओला गुंडाळलेला तंबू लवकरच बुरशी धरतो.